साइझचा तक्ता

एकशे बारा पानांच्या निविदेत
'युद्ध' हा शब्द एकदाही नाही.
मी शोधला. बयाणा रक्कम, जीएसटी, दंडाचं कलम
यांच्या मधल्या वेळात चष्मा पुसून पुन्हा शोधला.
आहे ते असं:
शिवणीत इंचाला बारा टाके,
सात धुलायांनंतर रंग इतकाच उतरावा,
बटण नऊ किलोच्या ओढीला तुटू नये.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं शेड.
आत सव्वाशे मशिनी
आणि राजेशम इराबत्ती, कटिंग मास्तर,
ज्यांच्या घरात तीन पिढ्या चादरी विणल्या
आणि ज्यांना दिल्ली टीव्हीवर कळत नाही,
कापडात कळते.
"अस्तर जाड मागितलंय मॅडम. बर्फात जाणार पोरं."
एका साली बाह्यांना आतून जाळी आली.
"जंगल," म्हणाले, "डास."
एका साली नुसती खाकी, दुप्पट, तीस दिवसांत,
आणि पत्ता कुठल्याच सीमेवरचा नाही.
तेव्हा मास्तर बोलले नाहीत.
खडू कानावर ठेवून चहाला गेले.

धोरण असंच येत असणार.
कुठल्यातरी लांब टेबलावर नकाशा,
कुणी बोट ठेवतं, कुणी उचलायला लावतं,
तिजोरीत किती, तेल किती दिवसांचं,
शेजारी हल्ली कोणाच्या पंगतीला बसतो,
रणगाडे घ्यायचे की पाणबुड्या, की आधी रस्ताच नीट करायचा,
दोन-तीन सरकारं त्यात म्हातारी होतात.
मग तो नकाशा झिजत झिजत आमच्याकडे येतो
तोवर त्याचा पॅटर्न झालेला असतो, पुठ्ठ्याचा,
खिळ्याला टांगायला भोक पाडलेला.

मास्तरांच्या आज्याने इथला मार्शल लॉ पाहिला होता.
तीसचं साल. पांढऱ्या टोपीचं वीतभर कापड
हाच तेव्हा सरकारच्या सुरक्षेचा प्रश्न.
आज्याकडे टोपी नव्हती, टोपीचं कापड होतं, न शिवलेलं.
ते त्याने मागाच्या खड्ड्यात टाकलं
आणि महिनाभर त्यावर पाय ठेवून विणत राहिला.
"कुणाला वाचवायचं, कुणापासनं,
हे कटिंगच्या आधी इचारायचं असतंय," मास्तर म्हणतात.
"नंतर चिंध्या."

यंदाची निविदा मेमध्ये आली.
वर पत्रा तडतडत होता, पंख्याची हवा भट्टीतली.
जोडपत्र 'क'. साइझचा तक्ता.
मी वाचत होते, मास्तर लिहून घेत होते.
छाती ऐंशी सेंटिमीटर : अकरा हजार चारशे.
खडू थांबला.
"परत वाचा."
अकरा हजार चारशे.
गेल्या खेपेला अडीच हजारही नव्हते.

ऐंशी म्हणजे अजून भरायची आहे ती छाती.
ऐंशी म्हणजे दाढी आठवड्यातून एकदा,
आणि आईला न सांगता भरलेला पहिला फॉर्म.
म्हणजे त्या लांब टेबलावर काहीतरी ठरलंय,
वयाचं, मुदतीचं, पगार-पेन्शनच्या बेरजेचं,
आणि आम्हाला त्यातलं एवढंच कळवलंय.

काजाच्या मशिनीवरून नीलव्वा म्हणाली,
"आमच्या सिद्धूचं माप की ते."
सिद्धू पहाटे होटगी रोडला धावतो,
सोळाशे मीटर, मोबाईलवर वेळ लावून,
घरी येऊन शिळी कडक भाकरी दुधात कुस्करतो.
नीलव्वाच्या आवाजात अभिमान होता.
मशीन मात्र तिने मिनिटभर बंद ठेवली.

संध्याकाळी टेबलावर साठ थर पसरले.
पात्याखाली एका वळणात साठ खांदे कापले जातात.
मास्तरांनी पुठ्ठा ठेवला, उचलला,
आणि ऐंशीच्या मापाला
दोन्ही बगलांत अर्धा-अर्धा इंच जास्त माया सोडली.
"तपासणीत अडवतील," मी म्हटलं.
"आतून आहे. दिसत नाही.
वाढतील ना पोरं."

रात्री हिशेब लावला.
अकरा हजार चारशे गुणिले एक इंच.
कापड बरंच गेलं होतं.
रजिस्टरात मायेला रकाना नाही.
मी ती 'घट' खाली लिहिली
आणि सही केली.